वहीतला कोरा रकाना

ज्या गावास रेल्वे नाही, त्या गावच्या माणसाचा रेल्वेप्रवास गाडीत पाऊल टाकण्याच्या पुष्कळ आधी सुरू होतो, ही गोष्ट शहरात राहणाऱ्या वाचकांच्या सहसा ध्यानात येत नाही. आमचे डोणगाव हे अशांपैकीच एक गाव. बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यात, मेहकरहून मालेगाव जहांगीरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर ते वसले आहे. रस्ता दारावरून जातो. रूळ मात्र कोणत्याही दिशेस गेले तरी बरेच दूर. अकोला, वाशिम, शेगाव आणि जालना ही चार स्थानके म्हणजे आम्हां डोणगावकरांची चार दारे. लांबच्या प्रवासास निघणाऱ्याने यांपैकी कोणते दार उघडावे, या एका प्रश्नाच्या उत्तरावर त्याचा खर्च आणि त्याचे हाल ही दोन्ही बव्हंशी ठरतात.

काटकसरीने लांबचा रेल्वेप्रवास आखावा कसा, हा या महिन्याचा आमचा विषय आहे. विषय रुक्ष वाटेल. पण तो आमच्याकडे आला तो एका वहीच्या रूपाने, आणि ती वही पाहिल्यापासून आम्हांस तो रुक्ष वाटेनासा झाला आहे.

श्रावणातल्या एका दुपारी शेजारच्या काकू आमच्याकडे आल्या. वय ७६. यजमान शिक्षक होते. त्यांस जाऊन तीन वर्षे झाली. काकूंच्या एका हातात जुनी, कडा कुरतडलेली वही होती आणि दुसऱ्या हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा. डबा त्यांनी आमच्यापुढे उघडून ठेवला. निवृत्तिवेतनातून महिन्याकाठी थोडे थोडे बाजूस टाकून जमवलेले ११,००० रुपये त्यात होते.

"काशीस जायचे आहे," काकू म्हणाल्या. "मी आणि सूनबाई. प्रयाग आणि काशी. एवढ्यात बसवून द्या. बसत नसेल तर तसे स्पष्ट सांगा, म्हणजे विषय संपला."

आम्ही चकित होऊन विचारले, की पुण्यास मुलगा चांगल्या नोकरीवर असता हा डबा कशाला? तेव्हा हकीकत कळली ती अशी. मुलाने आईस सांगितले होते, की समृद्धी महामार्गाने मोटारीने नागपूर गाठू, तेथून विमानाने जाऊ. पैशाचा विचार तू करू नकोस. मात्र यंदा रजा नाही, पुढच्या वर्षी मी स्वतः नेतो. नातू जर्मनीत म्युनिक येथे शिकतो. त्यानेही पैसे पाठवण्याची तयारी दाखवली होती. काकूंनी दोघांसही नकार दिला होता.

"मुलाचे पैसे काही परके नव्हेत," त्या म्हणाल्या. "पण 'पुढच्या वर्षी' हे दोन शब्द या घरात मी चाळीस वर्षे ऐकते आहे. आज पाय चालतात. पुढच्या वर्षीचे कोणी सांगावे? आणि यात्रा आपल्या गाठीच्या पैशाने करावी, असे हे म्हणत."

मग त्यांनी वही पुढे केली. ती गुरुजींची होती. त्यांच्या वळणदार अक्षरात, पानामागून पान, काशीच्या प्रवासाचे तक्ते आखलेले होते. प्रत्येक तक्त्यास पाच रकाने : स्थानक, गाडी, अंतर, भाडे आणि दिनांक. सर्वांत जुना तक्ता वाशिमहून सुरू होत होता. कारण त्या काळी पूर्णेहून वाशिम, अकोला, अकोट करीत मेळघाटातून खांडव्यास जाणारी मीटरगेज गाडी होती आणि खांडव्यास उत्तरेकडची मोठी गाडी धरता येई. पुढे पूर्णा-अकोला मार्ग २००८ साली रुंद झाला आणि अकोल्याहून मेळघाटातून जाणारी ती लहान गाडी बंद पडली. गुरुजींनी त्याप्रमाणे नवा तक्ता आखला. भाडी वाढली, तशी त्यांनी जुनी खोडून नवी लिहिली. एका पानाच्या समासात लिहिले होते, 'मुलाची फी'. दुसऱ्या एका पानावर, 'घराचे छप्पर'. चार रकाने प्रत्येक तक्त्यात काटेकोर भरलेले होते. पाचवा, दिनांकाचा, प्रत्येक पानावर कोरा होता.

'काशीस जावे, नित्य वदावे' अशी आपल्याकडे म्हण आहे. ती ज्याने केली त्याचा हेतू चांगला असेल. पण कित्येक घरांत वदणेच तेवढे घडते आणि जाणे राहून जाते, हे त्या वहीवरून आम्हांस कळले.

नातवाने आजीस एक लांबलचक पत्रही पाठवले होते. म्युनिकहून व्हिएन्ना आणि तेथून बुडापेस्ट असा प्रवास त्याने विद्यार्थ्याच्या तुटपुंज्या पैशात कसा केला, याचे ते वर्णन होते. ते पत्र काकूंनी आम्हांस वाचावयास दिले आणि विचारले, "तो म्हणतो आधी तिकीट काढले की स्वस्त पडते. आपल्याकडे तसेच का?" प्रश्न मार्मिक होता, म्हणून त्याचे उत्तर थोडे विस्ताराने देतो.

तिकडील पुष्कळ देशांत लांब पल्ल्याच्या गाड्यांचे भाडे विमानाच्या भाड्याप्रमाणे चढते-उतरते असते. तीच गाडी, तीच जागा. पण दोन-तीन महिने आधी घेणाऱ्यास ती जितक्यास मिळते, त्याच्या कित्येक पट किंमत आदल्या दिवशी घेणाऱ्यास मोजावी लागते. बदल्यात स्वस्त तिकीटवाल्याने आपले स्वातंत्र्य गहाण टाकायचे असते : तिकिटावर लिहिलेलीच गाडी त्याने धरली पाहिजे, ती चुकली तर तिकीट गेले. १९७२ साली तरुणांसाठी सुरू झालेला इंटररेल नावाचा पासही तिकडे आहे. तो घेऊन अनेक देश हिंडता येतात. परंतु दोन-तीनच शहरे पाहणाऱ्यास सुटी तिकिटे आगाऊ घेणे अधिक परवडते, असे आमच्या या तरुण प्रवाशाने हिशेब मांडून ठरवले होते. याखेरीज रात्रीच्या गाडीने जावे म्हणजे एका मुक्कामाचे भाडे वाचते, हीही युक्ती त्याने लिहिली होती. ती मात्र आपल्या वाडवडिलांस चांगलीच ठाऊक होती.

आपल्याकडील व्यवस्था मुळातच निराळी आहे. राजधानी, दुरांतो अशा काही गाड्यांस २०१६ पासून चढते भाडे लागू आहे. पण साध्या मेल-एक्स्प्रेस गाड्यांचे भाडे अंतरावर आणि वर्गावर ठरते, दिवसावर नव्हे. दोन महिने आधी घ्या वा दोन दिवस आधी, रक्कम तीच. तेव्हा आपल्याकडे आगाऊ तिकीट काढल्याने भाडे वाचत नाही, जागा मिळते. आणि जागा न मिळाल्याने जो खर्च होतो, तो भाड्यातल्या कोणत्याही बचतीहून मोठा असतो. शेवटच्या घटकेस तत्काळचे जादा पैसे भरणे, तेही न जमल्यास वरच्या वर्गाचे तिकीट घेणे, अथवा मोटार ठरवणे, हे सर्व त्या एका चुकीचे व्याज होय. प्रतीक्षायादीतील तिकिटावर आरक्षित डब्यात शिरण्याचा जुना रिवाजही आता विसरावयास हवा. २०२५ पासून त्याबाबत कडक अंमल होऊ लागला आहे.

यावरून पहिला नियम निघतो. प्रवासाची आखणी भाड्यापासून नव्हे, दिनांकापासून सुरू करावी. आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी मिळे. १ नोव्हेंबर २०२४ पासून ही मुदत, प्रवासाचा दिवस सोडून, ६० दिवसांवर आली आहे. खिडकी सकाळी आठ वाजता उघडते. तेव्हा दिनांक ठरला की साठ दिवस मागे मोजावे आणि त्या दिवसावर भिंतीच्या पंचांगात खूण करावी.

दिनांक ठरवताना पंचांग आणि हवा या दोहोंचाही सल्ला घ्यावा. काशीकडच्या गाड्यांस दिवाळी ते छठपूजा या काळात मुंबईहून गावी परतणाऱ्या उत्तरेकडील लोकांची अतोनात गर्दी असते. कार्तिकी पौर्णिमेस काशीत देवदिवाळी; त्या दिवसांत तेथे राहावयास जागा दुर्मिळ आणि महाग. पौषाच्या सुमारास गंगेच्या खोऱ्यात दाट धुके पडून गाड्या तासन् तास रखडतात, आणि माघात प्रयागास मेळा भरतो. वैशाख-ज्येष्ठाचा उन्हाळा तर वृद्धांस असह्यच. त्या दिवसांत निघायचे तर वातानुकूलित डब्यावाचून सोय नाही. या सर्वांच्या मध्ये एक लहानशी फट राहते, ती मार्गशीर्षाच्या आरंभीची. गर्दी ओसरलेली, हवा थंड, धुके अजून दूर. अशा दिवसांत साध्या शयनयानाच्या डब्यात सुखाने प्रवास होतो; आणि वातानुकूलित तिसऱ्या वर्गाचे भाडे शयनयानाच्या अडीचपटीच्या आसपास असते, हे लक्षात घेतले म्हणजे केवळ महिना निवडण्याने किती बचत होते ते वेगळे सांगावयास नको. आम्ही काकूंस मार्गशीर्षच सुचवला.

दुसरा नियम दाराचा. भुसावळास मुंबई-काशी गाडी धरायची, हे उघड होते. महानगरी आणि कामायनी या दोन्ही गाड्या भुसावळ-इटारसीवरून जातात. पुढे एक जबलपूरच्या वाटेने जाते, दुसरी भोपाळच्या. पण भुसावळ गाठायचे कोठून? अकोला आम्हांस सोयीचे. परंतु डोणगावाहून भल्या पहाटे निघून, अकोल्यास गाडी धरून, भुसावळास ती बदलून, त्याच रात्री पुन्हा डब्यात झोपायचे, हे सत्तरी उलटलेल्या शरीरास मानवणारे नाही. शेगाव निवडले तर खर्च फारसा न वाढता एक रात्रीची विश्रांती पदरात पडते. तेथील संस्थानच्या भक्तनिवासात माफक दरात स्वच्छ खोली मिळते, महाप्रसाद मिळतो, आणि श्रींचे दर्शनही घडते. दुसऱ्या दिवशी दुपारपूर्वीची गाडी धरून भुसावळास उतरावे, म्हणजे संध्याकाळच्या गाडीपूर्वी चार तास हाताशी राहतात.

चार तास थोडे अधिक वाटतील. परंतु या बाबतीत आमचा स्वतःचा अनुभव शहाणपण शिकवणारा आहे. काही वर्षांमागे आम्ही असाच लांबचा प्रवास दोन सुट्या तिकिटांवर आखला आणि गाडी बदलण्यास केवळ एक तास ठेवला. पहिली गाडी तीन तास रखडली. दुसरी निघून गेली. सारी रात्र एका मोठ्या जंक्शनाच्या फलाटावर सामानावर बसून काढली आणि पहाटे नव्याने तिकिटे घेतली. चूक आमचीच होती. तेव्हापासून आम्ही जोडगाडीच्या बाबतीत घड्याळाशी पैज लावीत नाही.

तिसरा नियम एका तिकिटाचा, आणि तो वरच्या प्रसंगातूनच निघाला आहे. आपल्या रेल्वेचे भाडे अंतराबरोबर वाढते खरे. पण अंतर वाढेल तसतसा दर किलोमीटरचा दर उतरत जातो. म्हणून तोच रस्ता दोन तुकड्यांत विकत घेण्यापेक्षा सलग एका तिकिटावर घेणे स्वस्त पडते. शेगाव ते काशी हे अंतर हजार किलोमीटरांहून अधिक आहे. ते सलग तिकिटावर घ्यावे. शिवाय ५०० किलोमीटरांहून लांबच्या तिकिटावर, पहिले ५०० किलोमीटर ओलांडल्यावर, वाटेत उतरून दोन दिवस राहण्याची मुभा असते. हजारांहून अधिक अंतरास ती दोनदा मिळते. यास खंडित प्रवास म्हणतात. प्रयाग काशीच्या अलीकडेच आहे. तेव्हा त्याच तिकिटावर प्रयागास उतरून त्रिवेणीस्नान करावे आणि मग पुढे जावे. मात्र हे सर्व फोनवरील तिकिटाने साधत नाही. आरक्षणाच्या खिडकीवर जाऊन, फॉर्मावर तसे लिहून, आधीच सांगावे लागते. ज्यांस गयेसही जाऊन दुसऱ्या वाटेने परत यावयाचे असेल, त्यांनी खिडकीवर चक्रीय तिकिटाची चौकशी करावी; ज्या स्थानकाहून निघावे तेथेच परत येणाऱ्या या तिकिटावर आठ ठिकाणांपर्यंत उतरता येते आणि भाडे एकंदर अंतरावर धरले जाते.

कोणास काही कारणाने दोन वेगळी तिकिटे घ्यावीच लागली, तर १ एप्रिल २०१९ पासून ती एकमेकांस जोडून घेण्याची सोय झाली आहे. पहिल्या गाडीच्या उशिरामुळे दुसरी चुकली तर दुसऱ्या तिकिटाचे पैसे मग कपातीवाचून परत मिळतात. ही सोय आमच्या त्या रात्री असती तर निदान पैसे तरी वाचले असते!

चौथा नियम सवलतींचा. आणि येथे जुन्या समजुतीवर विसंबून चालत नाही. रेल्वेत पूर्वी ५८ वर्षांवरील स्त्रियांस निम्मे भाडे माफ असे आणि ६० वर्षांवरील पुरुषांस ४० टक्के सूट असे. मार्च २०२० मध्ये ती सवलत थांबली, ती सर्वसाधारण ज्येष्ठांस अद्याप परत मिळालेली नाही. गुरुजींच्या शेवटच्या तक्त्यात काकूंचे भाडे निम्मेच धरलेले होते. ते आम्हांस वाढवावे लागले. उलट महाराष्ट्राच्या एस. टी.त ७५ वर्षांवरील नागरिकांस ऑगस्ट २०२२ पासून प्रवास विनामूल्य झाला आहे, ६५ ते ७५ वर्षांच्या नागरिकांस निम्मे भाडे आहे, आणि मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांस निम्मे. म्हणजे डोणगाव ते शेगाव काकू फुकट आणि सूनबाई अर्ध्या भाड्यात. वयाचा दाखला म्हणून आधारपत्र मात्र जवळ असावे.

रेल्वेत सूट नसली तरी एक सोय शिल्लक आहे, आणि वृद्धांच्या दृष्टीने ती सुटीहून मोलाची आहे. ६० वर्षांवरील पुरुष आणि ४५ वर्षांवरील स्त्रिया यांच्यासाठी खालचे बाक राखून ठेवलेले असतात. मात्र एका तिकिटावर एकटा प्रवासी असेल किंवा दोघेच असतील तरच हा कोटा लागतो. चौघा-पाचांचे एकत्र तिकीट काढणारी मंडळी नेमकी येथेच फसतात आणि मग आजीबाईंस मधल्या बाकावर चढवण्यासाठी डब्यातल्या लोकांच्या विनवण्या करीत बसतात. काकू ७६ वर्षांच्या, सूनबाई ४८ वर्षांच्या. दोघींचे एक तिकीट. दोघींसही खालचा बाक मागता येतो. लहान मुले बरोबर नेणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे, की पाच वर्षांखालील मुलास भाडे नाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलास वेगळा बाक घेतल्यास एप्रिल २०१६ पासून पूर्ण भाडे पडते, न घेतल्यास निम्मे.

पाचवा नियम पलीकडच्या टोकाचा. तिकिटाचा हिशेब सर्व करतात. गाडीतून उतरल्यावर काय, याचा फार थोडे करतात. काशी हे एक नगर असले तरी तेथील स्थानके अनेक. वाराणसी जंक्शन हे मुख्य; पूर्वीचे मंडुवाडीह आता २०२१ पासून बनारस; काशी नावाचे स्थानक निराळेच; आणि गंगेच्या पलीकडचे मुगलसराय २०१८ पासून पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन झाले आहे. अलाहाबाद जंक्शनाचेही २०२० पासून प्रयागराज जंक्शन असे नाव झाले. शिवाय काही गाड्या तेथे न जाता यमुनेअलीकडच्या छिवकी स्थानकावर थांबतात. तिकिटावरचे नाव नीट न वाचता उतरणाऱ्यास वाचवलेले सर्व पैसे रिक्षावाल्याच्या स्वाधीन करावे लागतात.

गाडी किती वाजता पोचते हेही भाड्याइतकेच महत्त्वाचे. महानगरी मुंबईहून मध्यरात्रीनंतर निघते, सकाळी भुसावळास येते आणि दुसऱ्या दिवशी अंधार असतानाच काशीस पोचवते. तरुणांस हे ठीक. दोन स्त्रिया सामानासह अनोळखी गावी अंधारात उतरणार असतील, तर त्यांनी उजाडेपर्यंत प्रतीक्षालयातच थांबावे, अथवा दुसरी गाडी पाहावी. कामायनी भुसावळास संध्याकाळी मिळते आणि दुसरा दिवस मावळण्याच्या आत प्रयागास उतरवते. वेळापत्रके बदलत असतात, म्हणून निघण्यापूर्वी ती पुन्हा पाहावीत. पण निवड करण्याची कसोटी हीच.

मुक्कामाविषयी एवढेच सांगतो. काशीशी मराठी माणसाचे नाते जुने. विश्वेश्वराचे देऊळ अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात पुन्हा उभारले. शिंदे घाट, भोसले घाट, अहिल्या घाट ही नावे तेथे आजही आपल्या लोकांची आठवण सांगतात. आणि ब्रह्माघाट-दुर्गाघाटाच्या गल्ल्यांत मराठी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या राहत आली. घाटाजवळच्या धर्मशाळा स्वस्त असतात. पण गल्ल्यांतील घरे उंच आणि जिने अरुंद. खोली तळमजल्यावर आहे काय, हा प्रश्न भाड्याच्या आधी विचारावा. सूनबाईंनी तो फोन करून विचारला, म्हणून पहिली धर्मशाळा सोडून दुसरी ठरली.

शिदोरीबद्दल वाचकभगिनींस आम्ही काय शिकवणार? दुधात भिजवलेल्या दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, लोणचे आणि गूळपापडी एवढे बरोबर असले म्हणजे दीड दिवस गाडीत बाहेरचे अन्न घ्यावे लागत नाही. पैसा वाचतो आणि पोटही बिघडत नाही.

आता हिशेब. दोघींचे जाण्यायेण्याचे शयनयानाचे रेल्वेभाडे आम्ही २,८०० रुपये धरले, एस. टी. ४००; शेगाव, प्रयाग व काशी येथील मुक्काम २,४००; अन्न १,८००; रिक्षा आणि नाव १,२००; पूजा-दक्षिणा १,०००. बेरीज ९,६००. उरलेले १,४०० वेगळ्या पाकिटात शिवून ठेवावयाचे आणि घरी परत येईपर्यंत ते नाहीतच असे समजावयाचे. कोणत्याही प्रवासाच्या हिशेबात असे न मोडण्याचे पाकीट नसेल, तर तो हिशेब नव्हे, केवळ आशा होय. नागपूरपर्यंतच्या भाड्याच्या मोटारीस जेवढे लागले असते, तेवढ्यात दोघींचे काशीपर्यंतचे जाणेयेणे होऊन वर पैसे उरत होते.

मुलाचा विरोध शेवटपर्यंत होता. "आईस अशा डब्यातून पाठवून मी पुण्यास आरामात बसू काय?" असे त्याने आम्हांस विचारले, आणि त्याच्या आवाजातले दुःख खरे होते. आम्ही त्यास एवढेच म्हणालो, की वडिलांची वही एकदा पाहा. सूनबाईंनी तिची चार पाने फोनवर पाठवली. 'मुलाची फी' हे शब्द त्याने वाचले असावेत. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला, तो पैशाविषयी नव्हता. आईस खालचा बाक मिळेल ना, असे त्याने विचारले; आणि परतीच्या दिवशी मी स्वतः भुसावळास येऊन उभा राहीन, म्हणाला. काकूंनी ते कबूल केले. "येणे हे पैशात मोजायचे नसते," त्या म्हणाल्या.

वासईजवळच्या नव्हे, पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली द्रव्यार्जनासाठी उत्तरेकडे पायी निघाले आणि गंगेची कावड खांद्यावर घेऊन घरी परतले. त्यांची हकीकत 'माझा प्रवास' या नावाने १९०७ साली छापली गेली. पुढे १८७० साली जबलपूरच्या वाटेने मुंबई आणि कलकत्ता ही शहरे रुळांनी जोडली गेली आणि महिनोगणतीचा रस्ता दिवसांवर आला. तेव्हापासून अडचण रस्त्याची राहिलेली नाही. ती राहिली आहे ती घरातल्या छपराची, फीची, रजेची. आणि त्या अडचणी कधी संपत नाहीत, म्हणून त्या संपण्याची वाट न पाहता दिवस आधी धरावा लागतो.

आश्विनात, साठ दिवस मोजून, सासू-सुना आदल्या दिवशीच शेगावास गेल्या आणि सकाळी आठच्या आत खिडकीपुढे उभ्या राहिल्या. दोघींसही खालचे बाक मिळाले. परत आल्यावर काकू तिकीट दाखवावयास आमच्याकडे आल्या. वही बरोबर होतीच. शेवटचे कोरे पान उघडून त्यांनी आम्हांस तक्ता उतरून द्यावयास सांगितले. चार रकाने आम्ही भरले. पाचव्याशी येताच त्यांनी लेखणी आमच्या हातून घेतली, चष्मा पुसला आणि तिकिटावर पाहून दिनांक स्वतः लिहिला. अक्षर थोडे कापरे आले आहे. पण वाचता येते.

ज्या वाचकांच्या घरी अशी एखादी वही असेल, त्यांनी ती या महिन्यात उघडून पाहावी.